शेरा

भुसावळला जामनेर रोडवर हेमराजचं दुकान होतं.
पुढे रिकाम्या कॅसेटी, मागे पडद्याआड दोन टीव्ही,
तासाला सहा रुपये.
वही माझ्याकडे. चार रकाने आखलेले :
नाव, वेळ, पैसे, शेरा.

शेऱ्यात लिहायचं ते एवढंच :
उधार. किंवा, रिमोटची वायर उपटली.
मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं :
‘रणगाड्यांचा. विटा छान फुटतात.
शत्रू इतका मठ्ठ की जिंकल्याची लाज वाटते.’

मग हात थांबेना.

‘वर छापलंय, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात.
मोजले. सात निघाले.
तेच सात कपडे बदलून पुन्हा रांगेत.’

‘बदकांचा. बंदूक काचेला टेकवली की नेम चुकत नाही
हे इस्माईल तडवीला दुसऱ्याच दिवशी कळलं.
दोष खेळाचा नाही, खोली लहान आहे.’

‘मोटारसायकलचा. डोंगर तोच तो, तीनदा मोजला.
रावेरच्या रस्त्याला सातपुडाही असाच बाजूनं चालतो,
पण तो निदान संध्याकाळी निळा होतो.’

आणि मे महिन्यातलं एक पान :
रेल्वे क्वार्टरमधला रॉनी आठव्या पातळीवर,
लाइट गेली.
पंखा गेला, टीव्ही गेला, आठच्या आठ पातळ्या गेल्या.
तो काळ्या काचेकडे बघत बसला, घाम न पुसता.
शेरा : ‘पैसे घेतले नाहीत.’

आता हेमराजचा ऋत्विज पुण्याहून नवीन यंत्र घेऊन आलाय.
खेळ दोन दिवस नुसता उतरत होता,
तेवढ्यात माझे पापड वाळून डब्यात गेले.
“खेळ ना आत्या.”

खेळले.
गवताची पात न् पात हलते.
इतकं खरं की विळा घ्यावासा वाटला. कापता येत नाही.
घोडा दिवसभर धावतो, त्याला पाणी दाखवावं लागत नाही.
नायकाची पोर मेली तेव्हा ऋत्विज माझ्या तोंडाकडे बघत होता.
“रडली नाहीस?”
नाही रे. तीन मिनिटं त्यांनी मला बटणच दाबू दिलं नाही.
ज्यात माझा हात नाही
त्याचं सुतक मी कसं धरू?

“मंग जुनंच बरं व्हतं म्हनायचं,” दारातून हेमराज.
त्यालाही नाही म्हटलं.
फुंकर मारली की कॅसेट चालते म्हणायचे सगळे.
थुंकीनं पिना गंजायच्या,
रात्री स्पिरिट लावून पुसत कोण बसायचं?
आणि प्रत्येक शेवटच्या किल्ल्यात एक मुलगी,
नुसती बसलेली.
मी बाहेर वहीवर, नुसती बसलेली.
“ताई, मले एक चानस दे ना वो,” पोरं म्हणायची.
आम्हा दोघींना कोणी विचारलं नाही.

म्हणजे, अगदीच खरं नाही ते.
दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असायचं,
हेमराज घरी जेवून झोपलेला.
रॉनीची आठवी पातळी मी बाराव्यापर्यंत नेली होती.
ते तास वहीत नाहीत.

रात्री ऋत्विज झोपल्यावर पुन्हा लावला.
आवाज बंद, दिवा बंद.
कोपऱ्यात एक चकती फिरते, दर थोड्या वेळानं :
जपून ठेवत आहोत, बंद करू नका.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात थांबला माझा.
लाइट जाईल म्हणून उगाच पंख्याकडे बघितलं.
पंखा चालू होता.

पहाटे माळ्यावरून वही काढली.
शेवटचं पान कोरं, कडेला वाळवीची नक्षी.

नाव : चारुलता भंगाळे.
वेळ : दोन ते चार.
पैसे : हेमराजच्या खात्यातून.
शेरा : नदी चांगली केली आहे, तापीपेक्षा पाणी जास्त.
पोहत गेले. पलीकडच्या काठाच्या हातभर अलीकडे
काहीतरी अडवतं, दिसत नाही.
उद्या दुसरीकडून उतरून बघते.