ताळा

कोडियाक बेटावरचं मासेमोजणीचं कार्यालय
सप्टेंबरअखेर बंद, असा हुकूम आला,
तेव्हा फेवरोनियाबाईंनी जुना तक्ता काढून टेबलावर पसरला.

कॉफीच्या वर्गणीची वही: तीन वर्षांनी नष्ट.
रजेचे अर्ज: सात वर्षांनी नष्ट.
बोटीच्या डिझेलची बिलं, ती तर कधीच गेली असायला हवी होती.
नदीच्या बांधावरून किती सामन मासे वर चढले,
रोजचे, तासातासाचे:
कायम.

कायम म्हणजे किती, डिओस्दादोनं विचारलं.
(कॉम्प्युटर तोच बघतो. त्याचा बाप डबाबंद माशांच्या कारखान्यात
तीस वर्षं डोकी छाटत होता.)
बाई म्हणाल्या, कायमच्या पुढे आकडा लिहीत नाहीत.

आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ.
इथे दगड नव्हता, रुमालात बांधलेलं दप्तरही नव्हतं.
एकोणचाळीस हजार सहाशे बारा फायली होत्या,
त्यातल्या निम्म्या अशा प्रोग्रॅममध्ये
की तो लिहिणारी कंपनी मरून जमाना झाला.
त्या साध्या अक्षरांत उतरवल्या.
मग कुलपं काढली. पासवर्डसकट नोंद पाठवणं म्हणजे
किल्ली गिळून पेटी भेट देणं.

तारेवरून पाठवायचं तर बेटाची तार बारीक:
रात्री अकराला सुरू करावं,
पहाटे तीनला वारा सुटावा,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी दोन डिस्क. एक मंगळवारच्या विमानानं,
दुसरी पुढच्या मंगळवारच्या.
एका होडीत सगळी भावंडं बसवायची नाहीत,
हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

आणि प्रत्येक फायलीचा ताळा.
शाळेत गुणाकाराखाली काढायचो तोच,
फक्त चौसष्ट अक्षरांचा,
आणि एका कान्याचा फरक पडला
तरी पार अनोळखी होऊन येणारा.
मे महिन्यात सगळे काढून झाले. यादी छापली. सही.

ऑगस्टमध्ये मेरीलँडहून ओडेल ट्विग्जचं पत्र:
सगळं पोचलं. एक फाइल सोडून.
चौदा जुलै चौऱ्याण्णव, बांध क्रमांक दोन.
यादीतला ताळा वेगळा, फायलीचा वेगळा.
मध्ये कुणी हात लावला का?

बाईंनीच लावला होता.
जूनमधल्या एका दुपारी, डबा खाता खाता,
नुसतं बघायला म्हणून उघडली.
बांधावर त्या उन्हाळ्यात इनोकेन्टी मोजायला होता,
त्यांचा धाकटा, शाळा अर्ध्यात सोडलेला.
त्यानं टाइप केलं होतं:
‘नऊ हजार आठशे चार. कुंपणाशी आस्वल.
चाळीस मिनटं मोजणी बंद. मासे थांबले नाहीत.’
थोरल्या बहिणीचं बोट. आस्वलचा काना पुसला,
मिनटंला वेलांटी दिली,
सेव्ह करू का, असं यंत्रानं विचारलं तेव्हा
सवयीनं हो म्हटलं.

डिओस्दादोनं तळघरातली टेप लावली, एक अख्खी दुपार गेली.
चुका होत्या तशा परत बसवल्या:
काना जागेवर, वेलांटी बाहेर.
बाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘माझी ढवळाढवळ’,
आणि तिसरी डिस्क स्वतः टपालात टाकून आल्या.

सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला फोन.
ताळा जुळला, ओडेल म्हणाला.
आजपासून ताबा आमचा. तुमच्याकडची प्रत
आता नष्ट करता येईल.
बरं, म्हणाल्या बाई.
मागे कुणीतरी खुर्च्या एकमेकींवर रचत होतं.

फोन ठेवता ठेवता तो थांबला.
हे कामाचं नाही, म्हणाला, सहज विचारतो,
तुमच्या बेटावर आस्वल असंच लिहितात का?

नाही, बाई म्हणाल्या.
एकच जण लिहायचा.