उतार

मनामात पोचले तेव्हा दुपारचे तीन.
खोली पाचला मिळेल, काउंटरवरची मुलगी म्हणाली,
आणि कागदात गुंडाळलेला एक खजूर पुढे केला. एकच.
लॉबीतला धबधबा बंद होता,
कोरड्या दगडांवर वॉचमनने आपली टोपी ठेवलेली.

समुद्र दिसणाऱ्या खोलीचे चौदा दिनार जास्तीचे.
पडदा ओढला. समोर बँक, तिच्या शेजारी दुसरी बँक,
दोघींच्या फटीत
शर्टाच्या बटणपट्टीएवढं निळं काहीतरी.
सामान आणणारा म्हणाला, होता मॅडम समुद्र, इथेच, खाली.
भर घालून मागे सरकवला.
सांगताना हाताने असं केलं
जसं पोट भरल्यावर ताट सरकवतात.

अब्बांनी हे एवढंच सांगितलं नव्हतं.
बाकी सगळं पाठ आहे मला.
दाभोळला ओट्यावर, मासळी साफ करणाऱ्या आईच्या पाठीला सांगत:
एकोणऐंशी साल, चौथा मजला, बावीस न्हाणीघरं,
इटलीची फरशी, आरशासारखी.
मुकादम सुलेमान, जो शिवी देण्याआधी
मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचा.
आणि उतार.
पाण्याला कळला पाहिजे, पायाला नाही.
असं म्हणून ते ओट्यावर तळहात आडवा ठेवायचे
आणि किंचित, अगदी किंचित, कलता करायचे.

हॉटेलचं उद्घाटन झालं त्या सकाळी
फरशीवाल्यांना बसमध्ये घालून मुहर्रकला नेलं,
दुसऱ्या कामावर.
पुढची एकवीस वर्षं ते या दारासमोरून गेले,
बहुतेक सायकलवरून.
पत्रात लिहायचे, माझं हॉटेल बरं आहे.

मी मागून चौथा मजला घेतला.
उशीला दुसऱ्याच्या सिगरेटचा वास.
एसी चालू केला की मच्छीमार लाँचसारखा धडधडे,
बंद केला की खोली उकडलेल्या बटाट्यासारखी.
तक्रारीसाठी नऊ दाबा.
नऊवर बराच वेळ कुणीतरी पियानो वाजवत होतं.

आणि न्हाणीघरात फरशीच नव्हती.
लाकडाच्या रंगाचं प्लास्टिक चिकटवलेलं,
कोपऱ्यात पापडासारखं उचललेलं.
नखाने ओढून पाहिलं. खाली डिंक. डिंकाखाली अंधार.
इटली वगैरे काही नाही.

रात्री आंघोळीचं पाणी तुंबलं.
घोट्यापर्यंत उभी राहिले साबणाच्या पाण्यात
आणि रागाने, की कशाने, रडू आलं.
एवढ्या पैशात आईचं दातांचं काम झालं असतं.

वर आलेल्या पोराच्या छातीवर पाटी होती जोसेफ.
तो नेपाळचा, नाव दिलमान.
पाटी आधीच्या माणसाची, म्हणाला, नवी यायची आहे.
कपाटातला हँगर सरळ केला, गुडघ्यावर बसला,
आणि जाळीतून केस ओढत राहिला,
काळे, पिंगट, मेंदीचे,
किती देशांचे कोण जाणे.
मग मागे टेकून म्हणाला,
जमीन ठीक है मॅडम. छेद खराब है.

तेव्हा पाहिलं.
पाणी दाराकडे गेलं नव्हतं. गालिच्याकडे नाही,
कमोडमागच्या खोबणीतसुद्धा नाही.
सगळं जाळीभोवती गोळा होऊन उभं होतं,
नावं पुकारायची वाट बघत
बसजवळ उभी राहतात माणसं, तसं.

फोन लावला. तिकडे साडेबारा वाजून गेलेले,
तरी पहिल्याच रिंगला उचलला.
समुद्राचं विचारलं नाही. नाश्त्याचं नाही.
"पाणी राहतं का गं उभं?"
म्हटलं, राहिलं होतं अब्बा. जाळीपाशीच.
बराच वेळ नुसता श्वास.
"जाळीपाशी ना? मग जाळी काढून धुवायला सांग त्यांना.
आमच्या वेळी दर गुरुवारी धुवायचे."

मग भाडं विचारलं.
मी निम्मं सांगितलं.
तरी म्हणाले, लुटलं तुला.