जैसे थे

ब्लँटायरच्या हायकोर्टाने मला धाडलं
थ्योलोच्या टेकडीवर, टॉवर क्रमांक एकशे बारा.
सील शाबूत आहे का, बघून लिही.
बरोबर मेजपट्टी, शिक्का, कार्बन लावलेले तीन कागद:
एक कंपनीला, एक सरकारला,
एक कोर्टाच्या कपाटाला,
जिथे या दाव्याची सोळा पुडकी आधीच कोंबलेली.

दावा साधा आहे, असं दोन्ही वकील सांगतात.
परवाने दोन होते. मंत्र्यांनी तिसरा दिला,
शुक्रवारी, कचेरी बंद होता होता.
मग निवडणूक झाली. नवे मंत्री म्हणाले,
निविदेचा लिफाफा तीनच्या ठोक्यानंतर पोचला.
कंपनी म्हणाली, तुमचं घड्याळ पुढे होतं.
चार महिने त्या घड्याळावर साक्षी झाल्या.
शेवटी भिंतीवरून उतरवून ते कोर्टात आणलं,
तर बंद.

कंपनीचं नाव म्फेपो. आमच्या भाषेत वारा.
सरकार म्हणतं, हवा आमची, पट्टे पाडून आम्ही देतो.
मला वाटतं, हवेचा सातबारा कुणी पाहिलाय?
पण मला वाटण्यासाठी पगार नाही.
न्यायमूर्तींनी लिहिलं: निकाल लागेपर्यंत जैसे थे.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा
बेस्टर नाखुम्वा, पहारेकरी,
डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसून मका सोलत होता.
अकरा महिने पगार नाही.
दिला तर धंदा चालू ठेवला असं होईल, म्हणून.
आणि काढून टाकलं तर आदेशाचा भंग.
"म्हणजे मीही जैसे थे," तो म्हणाला,
आणि अर्धं कणीस माझ्याकडे केलं.
घेतलं. हे लिहिलं नाही.

सील शाबूत. लिहिलं.
कुंपणात कमरेइतकं गवत.
"कापू का?" त्याने विचारलं.
मी आदेश उघडून दोनदा वाचला.
गवताबद्दल काही नव्हतं.
वर अँटेनाच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं,
काटक्यांत विणलेली कंपनीच्याच केबलची पिवळी साल.
याला फेरफार म्हणायचं का?
पिल्लं तीन, असं लिहिलं, मग खोडलं,
खाडाखोडीवर सही केली.

पंच लागतो तटस्थ. नाखुम्वा एका पक्षाचा नोकर, चालत नाही.
इतक्यात चहाच्या मळ्यातून एक बाई चढून आली,
हातात निळा फोन, मागचं झाकण रबराने बांधलेलं.
एस्नात लिकोस्वे. दर रविवारी येते.
"बंद आहे, ठाऊक आहे मला.
पण जोनीला माझ्या पोराकडे हाच नंबर आहे."
अंगठा दिला. मग शाई लुगड्याला न लागेल अशी
बोटं लांब धरून म्हणाली,
"साहेब, यात माझे दोनशे चाळीस क्वाचा आहेत.
बोलायला भरले होते, तेवढ्यात तुमचं कोर्ट आलं.
ते पैसे आता कुणाचे? वाऱ्याचे की सरकारचे?"

सोळा पुडक्यांत हा मुद्दा कुणी काढलेला नाही.
रकाना शोधला. जंगम मालमत्ता.
दाबून लिहिलं: रोख नव्हे, बोलणं.
क्वाचा दोनशे चाळीस. हक्कदार, एस्नात लिकोस्वे.
दोन्ही वकील हरकत घेतील. घेवोत.

खाली मिनीबसमध्ये कागद सुटे केले तर
शेवटचा कार्बन उलटा लागलेला.
कपाटाची प्रत कोरी,
अक्षरं सगळी सरकारच्या प्रतीच्या पाठीवर, उलटी.
काचेला लावून धरलं तर लागतं वाचता.
तसं धरलं, आणि कागदापलीकडे टेकडी दिसली,
गवतात नाखुम्वाचा कोयता वरखाली होत होता,
आदेश न विचारता,
आणि ती बाई अजून हात उंच करून उभी.