दुसरा फळा

ट्रस्टींचं फोनवर एवढंच म्हणणं होतं :
बेल ऑटोमॅटिक पाहिजे,
मगनभाईंना आता टोल द्यायला उठवत नाही.

मुस्तुफाला घेतलं, ड्रिल घेतलं, शिडी घेतली.
सलाटवाड्यामागचा हा बंगला तीस वर्षं बाहेरूनच पाहिलेला :
लाल विटा, टोकदार कमानी,
आणि कौलांवर चार धुरांडी.
बडोद्यात शेकोटीला बसतंय कोण,
असं वडील म्हणायचे
आणि फाटकापाशी उगाच सायकल जोरात मारायचे.

पोर्चमध्ये व्हॅन उभी होती, दप्तरं टपावर.
बिलियर्डच्या हॉलात नववी अ.
जिन्यावरच्या रंगीत काचेतून
दिघेबाईंच्या वहीवर लाल डाग पडत होता.
त्या वही सरकवायच्या,
थोड्या वेळाने डाग पुन्हा वहीवर.

प्रिन्सिपलबेन म्हणाल्या, भोकं जपून हं,
हेरिटेज छे.
वरच्या मजल्यावर दुसरं भोक पाडलं
आणि ड्रिल कशाला तरी अडलं.

तार.
टेस्टर लावला, मेलेली. मग कळलं,
ही करंटची नव्हेच,
ओढायची तार.
भिंतीच्या पोटातून, प्रत्येक वळणाला पितळेचं बोटभर चाक,
कुणीतरी फार मन लावून केलेलं काम.
माझ्या धंद्यातला माणूस, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा,
कोपरा असा वळवला होता की मी टोपी काढली असती,
घातली असती तर.

तारेच्या मागोमाग तळघरात उतरलो.
मोडकी बाकं, गेल्या वर्षीचे पेपर, स्नेहसंमेलनातला गरुड,
आणि त्यांच्यामागे एक फळा.
शिकवायचा नव्हे. सहा घंट्या ओळीने टांगलेल्या,
प्रत्येकीखाली पांढऱ्या रंगात :
दिवाणखाना. बिलियर्ड. मोठ्या बाई. धाकट्या बाई. न्हाणी.
आजारी खोली.

पाच घंट्यांच्या स्प्रिंगा अजून ताठ होत्या.
आजारी खोलीची इतकी ढिली
की नुसत्या श्वासानेही हलली.
मी मुस्तुफाला म्हटलं, श्वास रोखू नकोस बाबा,
नुसता इथे उभा राहा.

आजारी खोली म्हणजे आता दुसरी क.
बेसिनशेजारी चुन्याखाली पितळेची मूठ निघाली.
एक मुलगी, वेणीला दोन रंगांच्या रिबिनी,
तेराचा पाढा सोडून माझ्याजवळ आली.
अंकल, हे ओढलं की काय होतं?
खाली घंटी वाजते.
मग?
मग कुणीतरी येतं.
कोण?

मला सांगता येईना.
म्हणून ओढलं.

खालून मुस्तुफा ओरडला, वागी, वागी!
वर्गाने टाळ्या वाजवल्या, बाईंनी डोळे वटारले,
पुन्हा तेरा एके तेरा.
तेरा सक्कं झालं, तेरा सत्ते झालं,
आणि दारात मगनभाई.
एक हात चौकटीला, छातीचा भाता चालू,
दुसऱ्या हातात झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास.

कोणे बोलाव्यो?

कुणीच नाही, मगनभाई.
मुलं हसली. तेही हसले, थोड्या उशिराने.
आणलंच होतं म्हणून पाणी मी प्यायलो.
रिबिनीवाली माझ्याकडे बघत होती,
तिला उत्तर मिळालं होतं
आणि ते तिला फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

बिल केलं : टायमर एक, हूटर चार, पट्टी, मजुरी.
जुनी तार काढणे, नग सहा, असं लिहिलं,
मग सहाचा पाच केला,
मग ती ओळच खोडली.

नवी बेल बरोबर चालते. तक्रार नाही.
फक्त मुस्तुफा परवा फ्यूज बदलायला गेला होता, तो सांगत होता,
तास संपून हूटर वाजला की
मगनभाई स्टुलावरून उठतात,
रुळाच्या तुकड्यापर्यंत जातात,
हातोडी जागेवर आहे ना बघतात,
आणि परत येऊन बसतात.