अकरा ठिपके

कारा-बुलुनच्या वाचनालयात
पूर्वी नोव्हेंबरपासून दौत गोठायची.
आता दौत नाही, तरी सकाळी आधी कोळसा, मग राउटर,
हा क्रम मी मोडत नाही.
ऊब लागल्याशिवाय इथे कुणीच बोलत नाही,
ना माणूस, ना यंत्र.

सूचीपत्रांची कपाटं
जिल्ह्याच्या साहेबाने 'निकामी' लिहून नेली.
पत्रं मी ठेवून घेतली. मागची बाजू कोरी होती.
तिच्यावर लिहून देते:
हिरवं बटण दाब. थांब. पुन्हा दाबू नकोस.
'गव्हावरील तांबेरा', १९६३,
त्याच्या पाठीवर बुरुलच्या पेन्शनची वाट,
बाण काढून.

वीस वर्षं मी एवढंच विचारलं, कोणतं पुस्तक?
आता लोक फोन आणतात
आणि टेबलावर ठेवतात, आजारी कोकरू ठेवावं तसा.
'बघ गं, काय झालंय याला.'

तोक्तोसून-अतांनी तो लोकरी मोज्यातून आणला होता.
मुलीने पाठवलेला. ती येकातेरिनबुर्गला
हॉटेलात चादरी बदलते.
याच खोलीत त्यांची आई अक्षरं शिकली, तीनदा.
आधी उजवीकडून, मग लॅटिन, मग रशियन वळणाची.
'वरचे बदलले की आमचा अ बदलायचा,' ते म्हणाले,
'हा काचेवरचा अ कुणाचा?'

अंगठा टेकवा, म्हटलं.
फोनने ओळखला नाही.
साठ वर्षं घोड्यांचे दोर ओढून
रेषा पुसलेल्या.
'सही येते मला! आईचा अंगठा सुटला
तेव्हा आजोबांनी मेंढी कापली होती,
आणि तू मला परत अंगठ्यावर आणतेस?'

मग परवलीचा शब्द.
त्यांनी तो खणखणीत आवाजात सांगितला,
मेलेल्या घोड्याचं नाव.
वर्तमानपत्र वाचणारे दोघे हसले.
असं नको अता, कुणालाच ठाऊक नसेल असं काही.
'या गावात?'
ते विचार करत बसले. बराच वेळ.
चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, ढगाची सावली
कुरणावरून सरकते तसं.
मग एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत,
ते लिहू लागले.

नारिनच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
हे कुणी शिकवलं नव्हतं.
डोळा ठेवणं ही माझी नोकरी होती,
पानं कोण फाडतं, कोपरे कोण दुमडतं.
आता नोकरी अशी
की ऐन वेळी डोळा काढून घ्यावा.
मी खिडकीबाहेर पाहिलं. एक गाढव. बर्फ.

मुलगी काचेवर उगवली तेव्हा
तिला पहिलं वाक्य ऐकू आलं ते,
'केस का कापलेस?'

त्यानंतर दर गुरुवारी ते आले.
बोलणं संपलं की एक पुस्तक न्यायचे,
माझं मन राखायला, असं मला वाटायचं.

मार्चमध्ये आयझादा आली. केस वाढवलेले.
चाळिसाव्याचं जेवण आटोपून, तोच मोजा घेऊन.
'यात त्यांचा आवाज असेल. तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?'
घोड्याचं नाव घातलं. नाही.
तिचं नाव. नाही.
आजीचं, आईचं. नाही.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
मी लपवतेय असं वाटून.

काय सांगू तिला?
मला दिसले ते फक्त ठिपके. अकरा.
तेही खिडकीच्या काचेत,
गाढवाच्या पाठीवर उमटलेले.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. मुदत उलटलेली.
बासष्टाव्या पानात खुणेला माझंच सूचीपत्र.
हिरवं बटण दाब. थांब.
मी परतीचा शिक्का उचलला आणि खाली ठेवला.

यंत्राने सांगितलं, एक तासाने पुन्हा प्रयत्न करा.
तिने कोट काढला.
मी शेगडीत कोळसा टाकला.