आवंढा

सित्रामध्ये, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या दुकानामागे
आमची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खाली कुणाच्या तरी मजलिसमधून
टाकून दिलेला गालिचा.
रेकॉर्डिंगला एसी बंद. त्याची घरघर माइकला लगेच कळते.
ऑगस्टमध्येही बंद.

पहिला अल्बम म्हणजे निव्वळ आरडाओरडा.
मिर्झा एकोणीस वर्षांचा, घशावर रंधा मारल्यासारखा ओरडायचा,
कशावर, ते त्यालाही ठाऊक नसायचं.
शेजारच्या कटिंग मशीनचा आवाज दोन गाण्यांत तसाच राहिला
आणि कुणाच्याही लक्षात आला नाही.

दुसऱ्यात बोटं हुशार झाली.
सात मात्रा, मग अकरा, मग पुन्हा सात.
मनामाच्या एका हॉलमध्ये साठ माणसं
मान हलवता हलवता मोजायचं विसरली
आणि आम्हाला वाटलं, जिंकलो.
आई म्हणाली, छान आहे गं,
पण तू रागावलीयस का कुणावर?
आई सलमानियात रात्रपाळीची नर्स.
तिला किंकाळ्या-किंकाळ्यांतला फरक कळतो.

तिसऱ्याच्या वेळी निरोशनची कंपनी बुडाली.
व्हिसा रद्द, हातात तीस दिवस.
नऊपैकी सहा गाणी तो वाजवून गेला,
सातवं अर्ध्यापर्यंत.
तिथे फाइलमध्ये स्नेअरवर काठ्या ठेवल्याचा आवाज आहे,
मग तो म्हणतो, गाडी आली.

रिफाचा एक मुलगा आणला. चांगला वाजवायचा.
त्याने ती जागा अशी भरली
की आम्ही तीनदा ऐकून पुसून टाकली.
चार मात्रा मोकळ्या.
मिर्झा म्हणाला, मी ओरडतो तिथे.
डोळे मिटले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं,
आणि काही आलंच नाही.
फक्त गिळल्याचा आवाज.

ओस्वाल्डने हेडफोन काढले. कचरा आहे, कापतो.
मी बेस खाली ठेवला. म्हटलं, थांब,
आमच्यात याला नाव आहे.
चार वर्षांत बँडला मी दिलेला पहिला शब्द.
मिर्झाने म्हणून पाहिला: अवन्दा. आवन्धा.
ढ काही जमेना त्याला,
पण गिळताना त्याने तो अगदी बरोबर उच्चारला होता.

पूर्वी आम्ही थांबायला घाबरायचो.
थांबलं की ऐकू येतं, आपल्याला काय येत नाही ते.

आईने सातवं गाणं ड्यूटीवरून आल्यावर ऐकलं,
बूट न काढता, दारातच.
मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
म्हणाली, इथे कोण गेलं?

कोलंबोहून निरोशनचा निरोप आला दोन दिवसांनी:
चार मात्रा नाहीयेत त्या. मी मोजल्या.
साडेचार आहेत.
तुम्ही उशिरा आलात.

मग बराच वेळ नुसतंच
‘टाइप करतोय’.

राहू दे.