निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला
वरच्या कार्यालयाला जायचं विवरणपत्र, नमुना सात:
चालू महिन्यात घडलेले अपघात.
अकरा वर्षं मी त्या रकान्यात
एकच शब्द लिहीत आले.
निरंक.

अक्षर बरं म्हणून हे टेबल मला मिळालं,
सुरक्षेचा अतिरिक्त कार्यभारही त्याच्याबरोबरच.
आदेशात आडनाव चुकलेलं,
बिराजदारच्या जागी बिरादार.

कार्यभार म्हणजे तसं फार काही नाही.
जिन्याखाली दोन लाल नळकांडी,
गळ्यातल्या चिठ्ठीवर पुनर्भरणाची तारीख.
ती उलटली तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती,
आता पॉलिटेक्निकला जाते.
स्विचबोर्डासमोरची रबरी मॅट
साहेबांच्या कूलरखाली, कारण कूलर गळतो,
आणि मे महिन्यात सोलापुरात
कूलरला नाही कोण म्हणेल.
प्रथमोपचार पेटीत
आयोडीनची वाळलेली बाटली, एक कात्री
आणि यल्लप्पा शिपायाची शेंगाचटणी,
मुंग्या लागू नयेत म्हणून.

क्लोरीनचे मुखवटे, चार नग.
जडसंग्रह नोंदवही, पान बावीस.
कपाटात, प्लास्टिकही न काढलेले.
किल्ली भांडारपालाकडे,
भांडारपाल अर्जित रजेवर,
गुलबर्ग्याला, मेहुणीच्या लग्नाला.

अंबादास गड्डमला मी कधी पाहिलं नव्हतं.
पंपहाऊसवरून पाळी उतरताना तो फोन करायचा,
मागं मोटारींची घरघर,
"टाकी साडेतीन मीटर. क्लोरीन पॉइंट टू.
बाकी सगळं बरंय बगा, मॅडम."
सहा वर्षं मी ते लिहून घेतलं.
सगळं बरंय, याला रकाना नव्हता.

त्या रात्री मोठ्या सिलिंडरचा वॉल्व्ह गळायला लागला.
त्यानं टॉवेल भिजवला,
पूर्व भागातल्या घरच्याच मागावरचा,
काठाला एक धागा चुकला म्हणून
परदेशी न गेलेला.
तो नाकातोंडावर बांधला
आणि आत जाऊन वॉल्व्ह फिरवला.
सकाळी शहराला पाणी आलं,
म्हणजे, ज्या पेठेचा चौथा दिवस होता तिला.
पाणी आल्यावर कोण काय विचारतं?

अंबादास सतरा दिवस सिव्हिलला होता.
अठराव्या दिवशी कामावर,
खाडा परवडत नाही.
साहेब म्हणाले, तो ठेकेदाराचा माणूस,
आपल्या आस्थापनेवर नाही.
शिवाय वारला नाही.
तेव्हा,

पाच तारखेला मी पेन उघडलं
आणि फोन वाजला.
आधी नुसता श्वास,
चाळणीतून वाळू पडावी तसा.
मग "टाकी… तीन…"
आणि पुढं नाही.
कुणीतरी फोन घेतला,
दुसऱ्या आवाजानं आकडा पुरा केला.

मी रकाना कोरा सोडला.

शासनाला शून्य चालतं,
कोरं चालत नाही.
आठव्या दिवशी पत्र आलं, तातडीचं:
"रकाना क्र. ४ रिक्त का ठेवण्यात आला?
तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा,
अन्यथा शिस्तभंगाची कारवाई प्रस्तावित करण्यात येईल."

मी ते दोनदा वाचलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी मला विचारत होतं.

साहेब जेवायला गेलेले.
लाईट गेलेली, कूलर गप्प,
मॅटवर पाण्याचं तळं.
मी जादा कागद मागवले.
यल्लप्पा म्हणाला, जाऊ द्या की वो मॅडम,
एका ओळीत मिटवून टाका.
मग पेटीकडे वळला, डबा हलवायला.
म्हटलं, चटणी राहू दे तिथंच,
फोटो काढायचाय.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की,
टॉवेल ओला होता.